करणारं माणूस एकच असतं तेव्हा

अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाचं कसं करावं, यावर गेल्या साठ-सत्तर वर्षांत भरपूर संशोधन झालंय. त्यातलं बरंचसं दवाखान्यात नाहीतर नर्सिंग होममध्ये झालं. तिथं वर-खाली होणारा पलंग असतो, तीन पाळ्यांत नर्सेस असतात, उचलायला मावशी आणि वॉर्डबॉय असतात. मराठवाड्यातल्या खेड्यात माजघरात नाहीतर ढाळजेत नवारीची बाज असते, तिच्यावर पिंजून दहा वर्षं झालेली कापसाची गादी, आणि करणारं माणूस एकच. बहुतेक ती सून असते. बीडकडच्या गावांत मुलगा-सून कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, गेले असतील, तर दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंत स्वतः साठी ओलांडलेली बायकोच नवऱ्याचं सगळं करते.

म्हणून इथं एकच चाळणी लावली आहे. या संशोधनातलं काय काय एकट्या बाईला रोज, महिनोन्‌महिने, स्वतःची कंबर न मोडता करता येईल? तेवढंच घेतलंय.

उचलायचं नाही, सरकवायचं

अमेरिकेत कामगारांच्या सुरक्षेवर काम करणारी नायॉश नावाची सरकारी संस्था आहे. तिथल्या संशोधनातून २००७ साली एक आकडा पुढे आला: रुग्णाला हलवताना एका माणसाने ३५ पौंडांपेक्षा, म्हणजे साधारण १६ किलोपेक्षा जास्त भार अंगावर घेऊ नये. सिमेंटची गोणी ५० किलोची असते. ती एकटीने उचल असं सुनेला कुणी म्हणणार नाही, पण तेवढ्याच वजनाच्या सासूला बाजेवरून खुर्चीत ती रोज दोनदा ठेवते. शिवाय गोणी घाबरत नाही. माणूस घाबरतं, मधेच मानेला मिठी मारतं, आणि सगळा भार एका झटक्यात कमरेच्या मणक्यावर येतो.

सुरुवात बाजेच्या उंचीपासून करा. साधी बाज गुडघ्याच्याही खाली असते, म्हणजे प्रत्येक कामाला वाकणं आलं. माणूस अजिबात उठत नसेल तर बाज २८ ते ३० इंचांपर्यंत उचलून घ्या. विटा लावू नका, त्या सरकतात. सुताराकडून लाकडाचे चार ठोकळे करून घ्या आणि खुर बसेल एवढा खळगा प्रत्येकात कोरून घ्या. मात्र जे माणूस स्वतः उठायला बघतं, त्याच्यासाठी हीच उंची घातक ठरते. त्याची बाज एवढीच हवी की कडेला बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकतील. बहुतेकांना १७ ते १९ इंच पुरतात. नवार सैल झाली असेल तर ताणून घ्या. झोळ पडलेल्या बाजेतून तरण्या माणसालाही उठता येत नाही.

अंगाखाली खांद्यापासून मांडीपर्यंत येईल अशी एक जुनी सुती चादर दुहेरी करून आडवी घाला. माणूस खाली घसरलं की काखेत हात घालून ओढायचं नाही. त्याचे गुडघे उभे करायचे, तळवे गादीवर टेकवायचे, "एक, दोन, तीन" म्हणून त्याला पायाने रेटायला सांगायचं आणि त्याच क्षणी आपण चादर वर ओढायची. पायात जोर नसेल तर छत्रीच्या कापडासारखं निसरडं नायलॉन दुहेरी करून चादरीखाली सरकवा, काम बरंच हलकं होतं. झालं की ते काढून घ्यायचं; तसंच राहिलं तर माणूस परत घसरतं.

कुशीवर वळवताना ज्या बाजूला वळवायचं त्या बाजूला आपण उभं राहायचं. पलीकडचा हात छातीवर घ्यायचा, पलीकडचा गुडघा उभा करायचा, एक हात पलीकडच्या खांद्यावर आणि एक कमरेच्या हाडावर ठेवून आपल्याकडे ओढून घ्यायचं. आपल्याकडे वळवलेलं माणूस आपल्या अंगावर येतं, बाजेखाली जात नाही. अर्धांगवायूचा हात धरून कधीही ओढू नका. त्या खांद्याचे स्नायू ढिले पडलेले असतात, सांधा निखळतो, आणि ते दुखणं महिनोन्‌महिने जात नाही.

बसवायचं असेल तर आधी कुशीवर घ्या, मग दोन्ही पाय बाजेखाली सोडा. खाली गेलेल्या पायांच्या वजनानेच धड वर यायला लागतं, आपण खांद्याला फक्त आधार द्यायचा. बसल्यावर दोन मिनिटं तसंच थांबा. उभं करताना कमरेला पंचा नाहीतर उपरणं घट्ट गुंडाळा आणि धरायला तेच वापरा. पाय मागे घ्यायला लावा, पुढे झुकायला सांगा. नाक पायाच्या बोटांच्या पुढे गेलं की ढुंगण आपोआप उचलतं. सरळ बसलेल्या माणसाला उभं करायला दुप्पट जोर लावूनही ते होत नाही, आणि घराघरांत नेमकं तेच चाललेलं असतं. खुर्ची चांगल्या, म्हणजे ज्या हातापायात जोर आहे त्या बाजूला, बाजेला जवळजवळ चिकटून, थोडी तिरपी ठेवा.

कूस

१९६१ साली एक्स्टन-स्मिथ आणि शेरविन या दोन ब्रिटिश संशोधकांनी ५० म्हाताऱ्या रुग्णांच्या पलंगांना यंत्रं लावून ती माणसं रात्रीतून किती वेळा हलतात ते मोजलं. जी ५१ किंवा जास्त वेळा हलली, त्यांतल्या एकालाही पडून राहण्याने होणारी पाठीची जखम (बेडसोर) झाली नाही. जी २० किंवा त्याहून कमी वेळा हलली, त्यांतल्या दहांपैकी नऊ जणांना झाली. सगळं मर्म इथं आहे. हाड आणि गादी यांच्या मध्ये कातडी चेपली जाते, तिथल्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडतात. धडधाकट माणूस झोपेतही अस्वस्थ होऊन कूस बदलतो आणि रक्त परत वाहू लागतं. म्हाताऱ्या, थकलेल्या, सुन्न झालेल्या शरीराला ती अस्वस्थताच कळत नाही. ते काम मग दुसऱ्या कुणीतरी करायचं. "रक्त खराब झालं म्हणून फुटलं", "भोग आहेत" हे जे गावात बोललं जातं, त्याने करणारीला उगाच अपराधी वाटतं आणि उपायही हाती लागत नाही.

पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, डोरीन नॉर्टन या ब्रिटिश नर्सने सहकाऱ्यांबरोबर पाच गोष्टींचं मोजमाप मांडलं: शरीराची अवस्था, मनाची अवस्था, चालणं-फिरणं, अंथरुणातल्या अंथरुणात हलणं आणि लघवी-संडासवरचा ताबा. प्रत्येकाला १ ते ४ गुण (४ म्हणजे चांगलं, १ म्हणजे अगदी वाईट). बेरीज १४ किंवा कमी आली तर धोका. हे घरीही करता येतं. दर रविवारी मोजा आणि वहीत लिहा. १६ वरून १३ वर आलं, तर जखम दिसायच्या आधीच तुम्हाला कळलेलं असेल.

कूस किती वेळाने बदलायची? सगळीकडे "दर दोन तासांनी" शिकवलं जातं. दिवसा ते जमतं. रात्री मात्र एकटी सून दर दोन तासांनी उठली, तर आठवडाभरात तीच आजारी पडेल. इथं २०१३ साली छापून आलेला एक अभ्यास फार कामाचा आहे. नॅन्सी बर्गस्ट्रॉम आणि सहकाऱ्यांनी अमेरिका आणि कॅनडातल्या २७ नर्सिंग होममधल्या ९४२ जणांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन, तीन आणि चार तासांच्या गटांत वाटलं आणि तीन आठवडे पाहिलं. तिन्ही गटांत जखमांच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. पण एक अट होती: सगळे चांगल्या, दाट फोमच्या गादीवर होते. कापसाच्या गोळे झालेल्या गादीला हा निष्कर्ष लागू होत नाही.

त्यामुळे खर्च करायचाच असेल तर आधी गादीवर करा, असं माझं ठाम मत आहे. ४० डेन्सिटीचा, किमान ४-५ इंच जाडीचा फोम, खाली सपाट फळी किंवा प्लायवूड. झोपवल्यावर गादीखाली, माकडहाडाच्या बरोबर खाली हात घालून बघा. हाड हाताला लागलं तर गादी दबलेली आहे, बदला. अशा गादीवर कातडी स्वच्छ असेल, तर रात्री दहाला, दोनला आणि सहाला कूस बदलून मधले चार-चार तास झोपता येतं. सकाळी लाली दिसली तर पुन्हा तीन तासांवर या. जखम आधीच असेल तर ही सवलत नाही.

कुशीवर म्हणजे अगदी आडवं ९० अंशात नाही. तसं केलं की सगळा भार खुब्याच्या टोकावर येतो आणि तिथं फुटतं. पाठीमागे खांद्यापासून कमरेपर्यंत उशी किंवा गुंडाळलेली वाकळ लावून साधारण ३० अंश कललेलं ठेवा. मग तळहात खाली सरकवून तपासा: माकडहाडही मोकळं हवं आणि खुबाही. दोन गुडघ्यांच्या मध्ये छोटी उशी. टाचांसाठी पोटरीखाली लांब उशी द्या, टाच हवेत राहिली पाहिजे. टाचेखालीच उशी देणारे खूप जण भेटतात. त्याने दाब कमी होत नाही, नुसती जागा मऊ होते. अर्धवट बसवून ठेवणंही टाळा. डोक्याची बाजू ३० अंशांपेक्षा जास्त उचलली की माणूस हळूहळू खाली सरकतं, कातडी गादीला चिकटून राहते, आतलं हाड पुढे जातं आणि मधल्या रक्तवाहिन्या ओढल्या जातात. जेवताना बसवा, जेवण झाल्यावर अर्धा-पाऊण तास तसंच ठेवा, मग खाली घ्या.

रोज आंघोळीच्या वेळी, दिवसाच्या उजेडात, माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, कोपर, डोक्याची मागची बाजू आणि कान बघा. लाल जागा दिसली तर बोटाने तीन सेकंद दाबून सोडा. पांढरी पडून परत लाल झाली तर रक्त चालू आहे. पांढरी पडलीच नाही तर जखम सुरू झाली, मग वर कातडी अखंड का असेना. ही परीक्षा गोऱ्या कातडीवर बेतलेली आहे. आपल्याकडच्या सावळ्या-काळ्या वर्णात लाली दिसतच नाही. इथं बोटांच्या पाठीने शेजारच्या कातडीशी ताडून बघायचं: जागा जास्त गरम किंवा जास्त थंड, कडक किंवा पिचपिचीत, जांभळट किंवा नेहमीपेक्षा काळपट लागते का, आणि तिथं हात लावल्यावर माणूस कण्हतं का.

लाल झालेल्या जागेवर चोळायचं नाही. आतली आधीच दुखावलेली पेशी चोळण्याने फाटते. स्पिरिट कातडी कोरडी करतं, पावडरचे घामाने गोळे होऊन ते टोचतात. हवेची गोल रिंगही नको. मधली जागा मोकळी राहते हे खरं, पण कड्याच्या दाबाने भोवतीचा रक्तपुरवठा अडतो आणि मधला भाग सुजतो. फुटलेल्या जखमेत हळद, डेटॉल, हायड्रोजन पेरॉक्साइड काही घालू नका. अर्धा लिटर उकळलेल्या पाण्यात एक सपाट चहाचा चमचा मीठ टाकून गार करा, त्याने धुवा, उरलेलं दुसऱ्या दिवशी वापरू नका. जखम काळी पडली, वास यायला लागला, भोवती लाली पसरली, ताप आला किंवा आत हाड दिसलं, तर घरचे उपाय थांबवून दवाखाना गाठायचा.

एअर बेडबद्दल दोन शब्द, कारण दवाखान्यातून घरी सोडताना हल्ली तो सर्रास सांगतात. चांगली वस्तू आहे, पण ती विजेवर चालते. लाईट गेली की हळूहळू हवा उतरते आणि माणूस थेट फळीवर येतं. उन्हाळ्यात रात्री दोन-तीन तास वीज जाणाऱ्या गावात एअर बेडच्या खाली फोमची गादी असलीच पाहिजे. नवारीच्या झोळात तो बसत नाही, सपाट फळी हवी. पंपाचा खटका माणसाच्या वजनाप्रमाणे लावायचा. जास्त हवा भरून टणक केला तर उपयोग शून्य. वर एकच पातळ सुती चादर, तीही सैल. त्यावर प्लास्टिक, त्यावर गोधडी, त्यावर चादर असा थर रचलेला असतो, तेव्हा एअर बेड असून नसल्यासारखा.

जखम भरायला प्रथिनं लागतात. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात दर किलो वजनामागे रोज १.२५ ते १.५ ग्रॅम सांगितलेत, म्हणजे ४५ किलोच्या आजीला ५६ ते ६७ ग्रॅम. "भाकरी कुस्करून दुधात देते" एवढ्याने वीस-पंचवीसच्या पुढे जात नाही. हिशोब असा बसतो: ज्वारीच्या दोन भाकरी (१२० ग्रॅम पीठ) साधारण १२, दिवसभरात ६० ग्रॅम कच्च्या डाळीचं घट्ट वरण १४, दूध-दही मिळून अर्धा लिटर १६, ३० ग्रॅम शेंगदाण्याचा कूट ७-८, दोन अंडी १२. अंडं चालत नसेल तर डाळीचं पीठ आणि दही वाढवा. दात नसतील तर कण्या, आंबील, वरण यांतच कूट मिसळा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

अजून चालतंय तोवर

चालतं-फिरतं माणूस पडतं आणि खुबा मोडून बाजेवर येतं, ही वाट इतकी ठरलेली आहे की वरची सगळी मेहनत वाचवायची तर पडणं थांबवावं लागेल. मेरी टिनेटी यांनी १९८८ साली छापलेल्या अभ्यासात पंचाहत्तरी ओलांडलेल्या ३३६ जणांना वर्षभर पाहिलं. ३२ टक्के पडले. त्याहून मोलाचं असं की धोक्याचं एकही कारण नसलेल्यांत ८ टक्के पडले आणि चार किंवा जास्त कारणं असलेल्यांत ७८ टक्के. पडणं असं कारणांच्या बेरजेतून येतं, म्हणून एक-दोन कारणं काढली तरी फरक पडतो. सगळी काढायच्या मागे लागू नका, दमून जाल.

आधी माणसाची परीक्षा घ्या. हाताच्या खुर्चीतून उठायला सांगा, १० फूट चालून वळून परत येऊन बसायला सांगा. पायात रोजची चप्पल, हातात रोजची काठी. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर धोका आहे. पाच मिनिटं झोपवून रक्तदाब घ्या, मग उभं करून एक आणि तीन मिनिटांनी परत घ्या. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर रात्री लघवीला उठताना चक्कर येणार हे धरून चाला. आशाताईंना किंवा उपकेंद्रातल्या सिस्टरना सांगितलं तर त्या मोजून देतात. हे उतरणं परभणी-नांदेडच्या मे महिन्यात वाढतं, कारण पाणी कमी पडतं. रात्री उठायला नको म्हणून म्हातारी माणसं दुपारपासूनच पाणी तोडतात. पाणी तोडू नका, पुढे ओढा: बहुतेक पाणी, ताक, आंबील संध्याकाळी सहाच्या आत.

मग गोळ्या. घरातल्या सगळ्या पट्ट्या, मेडिकलवरून परस्पर आणलेल्यासुद्धा, एका थैलीत घालून डॉक्टरांपुढे ओता. झोपेच्या गोळ्या आणि सर्दीच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या १९९१ पासून चालत आलेल्या बिअर्स यादीत म्हाताऱ्या माणसांसाठी टाळायच्या म्हणून नोंदलेल्या आहेत. झोपेची गोळी वर्षभर चालू असेल तर एकदम बंद करू नका, डॉक्टरांकडून हळूहळू कमी करून घ्या.

घरात बाज ते मोरी एवढीच वाट नीट करा. तिथं रात्री मिणमिणता का होईना दिवा हवा, हंडे-कळश्या वाटेतून हलवलेल्या हव्यात, उंबऱ्याच्या कडेला पिवळ्या रंगाचा पट्टा हवा. टँकरचं पाणी साठवायला मोरीत टाकी-बादल्या असतात आणि शहाबादी फरशी सतत ओली राहते. तिथं घासून खरबरीत केलेली जागा नाहीतर खाली रबर असलेली चटई लागते. धरायला दांडी जमिनीपासून ३३ ते ३६ इंचांवर, सव्वा इंच जाडीची, भिंतीपासून दीड इंच सुटलेली. दगडमातीच्या भिंतीत प्लास्टिकची खुंटी धरत नाही, वजन पडलं की दांडीसकट हातात येते. तिथं भिंतीतून आरपार बोल्ट काढून पलीकडून पट्टी लावा, किंवा जमिनीत काँक्रिट करून जीआय पाइप उभा करा. टॉवेलची दांडी म्हणजे आधार नव्हे.

पायांत बळ आणणं हा सगळ्यांत स्वस्त उपाय. न्यूझीलंडमध्ये कॅम्पबेल आणि रॉबर्टसन यांनी १९९७ साली ऐंशी ओलांडलेल्या बायकांवर घरगुती व्यायामाची चाचणी छापली. पुढच्या चाचण्या धरून पडण्याचं प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी कमी झालं. आठवड्यातून तीनदा, अर्धा तास: ओसरीचा खांब धरून टाचा दहा वेळा उचलणं, खुर्चीतून हात न लावता दहा वेळा उठणं, भिंतीच्या कडेने आडवं चालणं, एका पावलासमोर दुसरं ठेवत चालणं. आणि मोतीबिंदू पिकायची वाट बघत बसू नका. २००५ च्या एका ब्रिटिश चाचणीत पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन लवकर केलेल्या बायकांमध्ये पडण्याचं प्रमाण एक तृतीयांशाने घटलं.

तरीही पडलंच तर लगेच ओढून उभं करू नका. एक पाय आखूड दिसतोय आणि पंजा बाहेर वळलाय, तर खुबा मोडलाय असंच समजा. बसवायचं नाही, चोळायचं नाही, हाडवैद्याकडे न्यायचं नाही. दोन पायांच्या मध्ये उशी ठेवून दोन्ही पाय एकत्र सैल बांधा, फळीवर किंवा बाजेसकट उचला, १०८ ला फोन करा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल आणि डोकं आपटलं असेल, तर माणूस बरं दिसत असलं तरी दवाखान्यात दाखवा. डोक्यातला रक्तस्राव काही वेळा आठवड्यांनी गुंगी आणतो.

ब्रिटनमधलं मार्गदर्शन असं आहे की खुब्याचं ऑपरेशन दाखल केलं त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी व्हावं आणि ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी माणसाला उठवावं. आपल्याकडे पैशाची जुळवाजुळव करण्यात आठवडा जातो. सत्तरी झालेल्या प्रत्येकासाठी २०२४ पासून आयुष्मानचं वय वंदना कार्ड निघतं. माणूस चालतंय तोवरच ते काढून ठेवा, आणि दवाखान्यात पोचल्यावर आधी आरोग्यमित्राला, म्हणजे तिथं योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, गाठा. ऑपरेशननंतर फिजिओथेरपिस्ट उठवायला येतात तेव्हा "टाके तुटतील, राहू द्या आज" असं म्हणणारे नातेवाईकच असतात. टाके तुटत नाहीत. रॉड किंवा नवा सांधा भार घ्यायलाच घातलेला असतो. वेदनेची गोळी अर्धा-पाऊण तास आधी द्यायला सांगा, वॉकर आणून ठेवा, आणि घरी करणार आहे त्या बाईलाच त्या वेळी शेजारी उभं करा, म्हणजे कुठं धरायचं ते तिला दाखवून घेता येईल.